इक्वेडोरवाले आप्पा

इक्वेडोर या देशाविषयी सावद्याच्या आप्पांना जेवढं माहीत आहे, तेवढं माहीत असलेला दुसरा माणूस रावेर, यावल आणि चोपडा हे तीन तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. आप्पांनी इक्वेडोर पाहिलेलं नाही, हा मुद्दा वेगळा. पाहून आलेल्याला इतकं माहीत असूच शकत नाही, तो बिचारा फिरण्यातच गुंतलेला असतो.

अशी माणसं गावोगाव असतात. कुणी लडाखवाले, कुणी मानसरोवरवाले. त्यांच्याकडे फायली असतात, नकाशे असतात, हॉटेलांची नावं पाठ असतात, आणि 'यंदा नक्की' हे दोन शब्द जिभेवर तयार असतात. ही माणसं खोटारडी नसतात, एवढं आधीच सांगून ठेवतो. त्यांचा बेत शंभर टक्के खरा असतो. आड येतं ते फक्त साल.

आप्पा केळीवाले. वडिलोपार्जित बाग, ठिबक, टिश्यू कल्चरची ग्रँड नैन, सगळं रीतसर. बाहेरच्या माणसाला वाटेल, केळीवाल्याला इक्वेडोर कुठून सुचलं? खरं तर केळीवाल्यालाच ते सुचणार. जगात सगळ्यात जास्त केळी पिकते भारतात, आणि सगळ्यात जास्त केळी परदेशी पाठवतो इक्वेडोर. आप्पांच्या काळजातली ही जुनी सल आहे. "पिकवायचं आपण आन् विकायचं त्यानं!" असं म्हणून ते समोरच्याकडे अशा नजरेनं पाहतात, की आपणच मध्ये दलाली खाल्ली की काय असं वाटावं. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. आप्पांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "इक्वेडोरले कयवलं का कोनी?"

तिकडे मचाला नावाचं शहर आहे. ते स्वतःला जगाची केळी-राजधानी म्हणवतं. दर सप्टेंबरात तिथं केळीची जत्रा भरते आणि केळीची राणी निवडतात. हे ऐकल्यापासून आप्पांच्या मनात सावद्याच्या बाजारपेठेबद्दल थोडा कमीपणा आला आहे. तिथल्या बागांमधून तारेचा रोपवे फिरतो. घड कापला की तारेला लटकवायचा आणि ओढत थेट पॅकिंगच्या शेडपर्यंत न्यायचा. घड जमिनीला टेकत नाही, सालीला डाग लागत नाही. आप्पांना हा रोपवे डोळ्यांनी पाहायचा आहे. बाकी मंडळी परदेशात समुद्र पाहायला जातात, हे एका कप्पीसाठी अर्धी पृथ्वी ओलांडणार आहेत.

आता मुख्य गोष्ट. आप्पांना जायचं आहे ते शोल्डर सीझनमध्येच. गर्दीचा हंगाम सरलेला, मंदीचा सुरू व्हायचा, तेव्हा. तिकीट स्वस्त, हॉटेल स्वस्त, बघायला गेलं तर माणसं कमी. भाव पाडून माल घेणारे व्यापारी आयुष्यभर पाहिल्यावर एकदा तरी आपण पडत्या भावात काही घ्यावं, ही त्यांची साधी इच्छा. पण इक्वेडोर हा देश मुलखाचा अवघड निघाला. देश एक, हवामानं चार. किनाऱ्यावर जानेवारी ते एप्रिल पाऊस, अँडीजच्या डोंगरात जून ते सप्टेंबर कोरडं आणि गर्दी, पलीकडे ॲमेझॉनचं रान बारमाही ओलं, आणि समुद्रातल्या गॅलापागोस बेटांचा हंगाम सगळ्यांहून निराळा. चारही ठिकाणी एकाच वेळी खांदा सापडावा म्हणून आप्पांनी आलेखाच्या कागदावर चार रंगांत रेघा मारल्या. उत्तर निघालं: एप्रिलचा शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबर ते नोव्हेंबर.

एप्रिल-मे म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, आणि बाप काय मचालात? त्यातून लग्नसराई. त्यातून रावेरचा पारा पंचेचाळीसच्या वर, केळीला एक दिवस पाणी चुकलं तर पानं करपतात. त्यातून वादळ. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ काळं झालं, की अख्ख्या पट्ट्यात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, कारण उभी बाग अर्ध्या तासात झोपते. पीकविम्याचा पंचनामा इक्वेडोरहून करता येत नाही.

मग सप्टेंबर. पोळा, गणपती, आणि नेमका पितृपक्ष. तिकिटं तेव्हा सगळ्यात स्वस्त, पण आप्पांच्या आईनं पाटावरून नुसतं वर पाहिलं. विषय तिथंच संपला. ऑक्टोबरात केळीच्या कांदेबागेची लागवड, नोव्हेंबरात दिवाळी. थोडक्यात, इक्वेडोरचा जो शोल्डर सीझन तो खानदेशचा ऐन सीझन. जून-जुलैत म्हणाल तर मृगबाग लावायची असते, शिवाय तेव्हा तिकडे गर्दी. गर्दीत जायला आप्पा काय मुंबईचे आहेत?

पैशाचा हिशेब आप्पा रुपयांत करत नाहीत, क्विंटलमध्ये करतात. इक्वेडोरनं 2000 साली स्वतःचं चलन सोडून अमेरिकी डॉलर धरला. तेव्हापासून आप्पांना रोज दोन भाव पाहावे लागतात, डॉलरचा आणि बऱ्हाणपूरच्या केळीचा. बऱ्हाणपूर चढलं की ओट्यावर आवाज येतो, "बसतंय बरं का!" उतरलं की फाईल कपाटात. त्यांच्या घरी जाऊन केळीचा भाव विचारायची गरज नसते. टेबलावर नकाशा उघडा दिसला, की भाव बरा आहे असं समजावं. 2024 च्या ऑगस्टमध्ये गॅलापागोसचं प्रवेशशुल्क शंभर डॉलरवरून दोनशे झालं, त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. "शोल्डर सीझनमधी वाचवलं ते कासवं खाऊन गेले," एवढंच बोलले.

या बेतात त्यांचे एकमेव भागीदार म्हणजे धुळ्याचे साडू. देवपुरात राहतात, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. गुरुजींचा रस केळीत नाही, विषुववृत्तात आहे. आयुष्यभर फळ्यावर जी रेघ आडवी ओढली, तिच्यावर एकदा दोन पाय फाकवून उभं राहायचं, हे त्यांचं स्वप्न. क्विटोजवळ त्यासाठी मोठं स्मारकच आहे, जमिनीवर पिवळी रेघसुद्धा आखली आहे. पण उपग्रहानं मोजल्यावर खरं विषुववृत्त तिथून सुमारे 240 मीटर उत्तरेला निघालं. हे वाचल्यापासून गुरुजी दोन दिवस अस्वस्थ होते. "पोरांचे मार्क कापले राव मी एवढ्याशा चुकीला!" शेवटी ठरलं असं, की फोटो स्मारकावर काढायचा आणि नमस्कार 240 मीटर पुढं जाऊन करायचा.

क्विटो समुद्रसपाटीपासून 2850 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोन पट. विरळ हवेची सवय हवी म्हणून दोघे साडू तोरणमाळला जाऊन आले. जीपनं चढले, शेवभाजी-भाकरी खाल्ली, झोपले, जीपनं उतरले. त्रास काहीच झाला नाही, असा अहवाल फायलीला जोडलेला आहे.

आणि ती फाईल! सातबारा, बँकेचं पासबुक आणि ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रं ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत ती असते. पहिल्याच कप्प्यात पिवळं कार्ड. पिवळ्या तापाची लस. इक्वेडोरहून भारतात परतताना हे कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. साठीनंतर ती लस जरा जपून देतात, असं कळल्यावर आप्पा साठीच्या आत, मुंबईला जाऊन, टोचून आले. प्रवासाची एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून प्रत्यक्षात घडली आहे. कार्ड आता जन्मभर चालतं. आप्पा ते पाहुण्यांना दाखवतात, आणि डासांना अजिबात भीत नाहीत.

दुसऱ्या कप्प्यात बुटांची पावती. शेजारच्या कोलंबियात 2019 साली केळीच्या मर रोगाची नवी, घातक जात पोचली. ती मातीतून पसरते, म्हणून मळ्यात शिरण्याआधी पाहुण्याचे बूट जंतुनाशकात बुडवून घेतात. आपल्या बुटांना रावेरची माती दिसली तर अपमान होईल, म्हणून आप्पांनी कोरे बूट घेऊन ठेवले. ते घालून शेतात जायचं नाही, हा घरात कायदा आहे. लग्नातसुद्धा ते चपलेवरच जातात.

आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हे सगळं फार शांतपणे घेतलं आहे. तिकडचं खाणं काय, असं त्यांनी एकदा विचारलं. आप्पांनी उत्साहानं यादी वाचली: कच्च्या केळीचे गोळे, कच्च्या केळीच्या तळलेल्या चकत्या, केळीचे वेफर. काकू भाकरी थापायचं थांबल्या. "तठी जाऊन बी केयीच खायाची का?" आणि पुन्हा थापायला लागल्या. या प्रश्नाला फायलीत उत्तर नाही.

मध्यंतरी ओळखीतला एक तरुण बागायतदार खरोखरच जाऊन आला. ऐन जुलैत, गर्दीत, महाग तिकीट काढून, बेत न करता. आप्पांनी त्याला घरी बोलावलं. रोपवेची कप्पी लोखंडी की नायलॉनची? आठवत नाही. घडाला पिशवी कितव्या दिवशी घालतात? विचारलं नाही. विषुववृत्त? गाडीत झोप लागली होती. शेवटी आप्पांनी फाईल काढली आणि तो काय काय पाहून आला, ते त्याला रात्री दहापर्यंत समजावून सांगितलं. जाताना पोरगा पायाला हात लावून म्हणाला, "आप्पा, आधी भेटले असते तर गेलोच नसतो."

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला. जावयाला धोंड्याचं जेवण, म्हणजे मे महिना खलास. तूर्त बेत 2027 च्या एप्रिलचा आहे, आणि आप्पा आणि गुरुजी धरून तिसरी जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर सावद्याला संध्याकाळी जावं, चहा मिळेल, माहिती पक्की मिळेल. लस मात्र प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. आप्पांबरोबर जायचं असेल, तर तेवढी घाई नाही.