निष्कर्ष निघत नाही

पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असते. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पोरांना तिच्या सरावासाठी शिकवणी कशाला हवी? विधान पहिले: सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. विधान दुसरे: ते वाहणारे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने धावतात. निष्कर्ष: रस्ता गुळगुळीत असणार. ‘निष्कर्ष निघत नाही’ हा पर्याय पोरं डोळे मिटून निवडतात. दिशाज्ञानातला राम उत्तरेला पाच किलोमीटर चालून उजवीकडे वळतो. इथे उजवीकडे जंगल असतं. पर्लकोटा नदीला पूर आला, तर भामरागडचा उमेदवार केंद्रावर कधी पोहोचेल? माहिती अपुरी. एवढ्यावरही ज्याचा तर्क शाबूत राहतो, त्याला सरकार विचारतं: गटात न बसणारा ओळखा!