मीटरकाका

दिल्लीत दहा वर्षं काढली की मराठी माणूस छोले-भटुरे पचवायला शिकतो आणि दिसेल ते मोजायला लागतो. सकाळी देवाआधी एक्यूआय बघायचा, आरओच्या पाण्यात टीडीएसचं पेन बुडवायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मग तेच पाणी प्यायचं, तीच हवा नाकात घ्यायची. या जमातीचे मुकुटमणी म्हणजे तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमधले आमचे मीटरकाका. मूळचे सांगलीचे. हॉलमध्ये तीन फुटी फिश टँक, त्यात चार एंजल.

‘मासे पाळणं म्हणजे पाणी पाळणं,’ हे काकांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, वगैरे. थोडक्यात, टाकीत अमोनिया शून्य हवा. तो बघायचा तर नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या चौकोनांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा, तितकं संकट.

घरातलं भांडण या हिरव्यावरून. काकांना जगात एकच हिरवा दिसतो. काकूंनी उभा जन्म साड्या आणि मॅचिंग ब्लाउजपिसांत काढलेला.

‘पाव पीपीएम,’ काका म्हणायचे.

‘डोळे तपासा. हा शेवाळी आहे. पाव म्हणजे कैरी.’

‘कार्डावर कैरी कुठं लिहिलीय?’

‘कार्ड छापणाऱ्यानं कैरी बघितलीय का?’

रोज रात्री हेच. शेवटी काकांनी ‘यात माणसाचा संबंधच नको’ असं जाहीर केलं आणि ते लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात गेले. एक आर्डुइनो, तीन छोटे पंप, एक रंग ओळखणारा सेन्सर, पांढरा एलईडी, वायरींचं भेंडोळं. हे पंप मोठे गमतीचे. सलाइनसारखी मऊ नळी फिरत्या रुळांनी दाबत जातात, म्हणून पाणी आणि औषध मोजून पुढं सरकतं. पंप इमानदार, थेंबच लहानमोठे पडायचे. त्यात सेन्सर ट्यूबलाइट लागली की एक सांगायचा आणि विझली की दुसरं. मग काकांनी सगळं लटांबर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोंबलं आणि आतून-बाहेरून काळी टेप गुंडाळली. वापरलेलं पाणी जमायला खाली बाटली, तिच्यावर मराठी आणि हिंदीत ‘पिऊ नये’. काकूंनी त्या डब्याची पहिली चौकशी एवढीच केली, की वेलचीवालं श्रीखंड संपवलं कुणी?

जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता डबा बोंबलला. अमोनिया दोन! काका मफलर गुंडाळून बादल्या वाहू लागले. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून हायपोचे खडे टाका, हीटरजवळ ऊन करा, अर्धी टाकी बदला. तीन वाजता पुन्हा चाचणी: चार. पाणी बदलावं तसा आकडा चढतोय! पहाटे काकू उठल्या, चिमूटभर दाणे टाकले, चारही एंजल तुटून पडले. ‘खातायत ना? मग तुमचं यंत्र आजारी आहे.’ आणि होतंही तसंच. नळी विसळायची सोय काकांनी ठेवलीच नव्हती. आदल्या चाचणीचं औषध तळाशी राहायचं आणि पुढच्या पाण्याला रंग चढवायचं. कुठलीही गृहिणी पातेलं न विसळता त्यात दुसरं दूध ओतत नाही, हे इंजिनियरिंगला शिकवत नसावेत.

विसळणारा चौथा पंप आला. पण सेन्सर नुसते लाल-हिरवा-निळ्याचे आकडे देतो. कुठला आकडा म्हणजे कुठला हिरवा, हे त्याला कुणी तरी नीट शिकवावं लागतं. काका दोन दिवस कार्ड हातात घेऊन बसले, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मग काकू कणीक मळता मळता एकेका नळीकडे बघून सांगत गेल्या आणि काका टाइप करत गेले. त्या डब्याच्या पडद्यावर आता लिंबू, कैरी, पोपटी, शेवाळी, बाटली अशा पाच पायऱ्या उमटतात.

तिमारपूरपासून वझिराबाद हाकेच्या अंतरावर. हिवाळ्यात यमुनेतला अमोनिया एक पीपीएमच्या वर गेला, की तिथल्या जलशुद्धीकरण केंद्राला तो झेपत नाही आणि पाण्याला कात्री लागते. ज्या विषाला काका घरात थेंबाथेंबानं मोजतात, त्याच्यापायी अर्ध्या शहराच्या बादल्या कोरड्या. अशा दिवशी क्वार्टरमधली मंडळी बाटल्या घेऊन काकांकडे रांग लावतात. नळाच्या पाण्यातला अमोनिया क्लोरीनशी जुळून बसला तरी ही चाचणी त्याला पकडते, त्यामुळे यंत्राला रंगही भरपूर मिळतो.

परवा समोरचे शर्माजी पडद्याकडे बघत राहिले. ‘भाई साहब, ये पोपटी क्या होता है?’

काकांनी पीपीएम, क्लोरामाइन अशी सुरुवात केली. आतून काकूंनी निकाल दिला, ‘तोतिया, भाईसाब! बर्तन धो लो, पीना मत.’

शर्माजी बाटली उचलून निघाले. टाकीतले चारही एंजल सध्या लिंबूत आहेत.