जुन्या सल्ल्याचं पुण्य

विंडोजची फाइल शेअरिंगची एसएमबी पद्धत बाकीच्यांना नीट कळावी, म्हणून एकेकाळी केवढा आटापिटा झाला! ही पद्धत लिनक्ससारख्या प्रणालींवर आणणाऱ्या ‘सांबा’ या मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी वर्षानुवर्षं नेटवर्कवरची पॅकेट्स उलगडून तिचे नियम शोधत बसली. अपुरी कागदपत्रं दिली म्हणून युरोपीय आयोगाने 2006 साली मायक्रोसॉफ्टला 28 कोटी 5 लाख युरोंचा दंड ठोठावला. 2007 च्या डिसेंबरात 10,000 युरो मोजून ती कागदपत्रं सांबाच्या हाती आली.

आज तीच कागदपत्रं फुकट मिळतात, सुधारून नव्याने निघतात. वाचतं कोण? ऑफिसातला जुना स्कॅनर शेअर फोल्डरला जोडला जात नाही, की गुरुजन एकच मंत्र देतात: ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१’. म्हणजे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या एसएमबी१ मधल्या भोकातून घुसला आणि जी आवृत्ती सांबा 4.11 ने 2019 साली आपणहून बंद ठेवली, तीच पुन्हा चालू करायची. ‘सिक्युरिटी = शेअर’ हा पर्याय सांबा 4.0 ने 2012 सालीच काढून टाकला. नकलून घेतलेल्या कॉन्फिग फायलींत तो अजून सुखाने नांदतो. वर ‘आमच्याकडे चालतंय’ हे प्रमाणपत्र.

माहिती दडवणाऱ्याला दंड झाला, हे ठीकच. कालबाह्य माहिती तारीख न घालता वाटणाऱ्याला मात्र आपण ज्ञानदानाचं पुण्य देतो, आणि घोटाळा झाला की सर्व्हर रीस्टार्ट करतो.