चरणपूरला जाणारी मिनीबस

चित्रपटवेड्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात डीपीला स्वतःचा फोटो लावणं कमीपणाचं मानतात. कुणी बलराज साहनी, कुणी नादिरा, कुणी प्राण. गुरुदत्त दोन आहेत आणि आधीचा कोण, यावरून एकदा बरीच गरमागरमी झाली होती. त्यामुळे सहलीच्या दिवशी सकाळी स्वारगेटला मिनीबसपाशी जे झालं ते होणारच होतं. "मी प्राण," असं म्हणत एक अत्यंत मवाळ गृहस्थ पुढे आले. हातात सगळ्यांसाठी आणलेली राजगिऱ्याच्या वड्यांची पिशवी. नादिरा निघाल्या बालवाडीच्या निवृत्त बाई. ललिता पवार म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक लुकडा मुलगा. खरी नावं विचारायची निकड कुणालाच वाटली नाही. "अहो प्राण, खिडकी जरा लावता का? कान धरतो माझा," इथून ओळख सुरू झाली.

ठिकाण ठरेपर्यंत पावसाळा सरला होता. प्रभातच्या जुन्या स्टुडिओची जागा पाहू, म्हणजे आताची फिल्म इन्स्टिट्यूट, अशी एक सूचना होती. "घराजवळ कसली सहल?" म्हणून पुणेकरांनी ती हाणून पाडली. कोल्हापूर डोंबिवलीकरांना लांब पडत होतं. शेवटी मेणवलीवर तडजोड झाली. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ सालच्या 'स्वदेस'मधलं चरणपूर पाहायला वाईशेजारच्या या गावी जायचं ठरलं.

बसमध्ये अंताक्षरी होणार हे उघड होतं. ती पहिल्याच गाण्यावर अडकेल हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे नियम असा, की गाणं म्हणण्याआधी संगीतकार आणि गीतकार सांगायचा. पहिल्या भिडूने राज कपूरच्या चित्रपटातलं गाणं काढलं. शंकर-जयकिशन यावर एकमत झालं, पण शैलेंद्र की हसरत? दोघंही एकाच चित्रपटात गाणी वाटून लिहायचे, त्यामुळे हा वाद म्हणजे आमचा वडिलोपार्जित जमिनीचा दावा. साक्षीपुरावे होईपर्यंत खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला. निकाल लागला तेव्हा गाणं म्हणायला कुणी तयार नव्हतं, कारण गळा एकालाही नव्हता.

खरी धास्ती वेगळीच होती. बलराज साहनी आणि नादिराबाई यांचं 'स्वदेस'वरून वर्षानुवर्षं वाजलेलं. बलराजजींच्या मते तो तीन तासांहून लांब माहितीपट. नादिराबाईंच्या मते तसं म्हणणाऱ्या माणसाला काळीजच नाही, आणि हे त्यांनी ग्रुपावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. नेमक्या ह्या दोघांना जागा मिळाल्या शेजारी-शेजारी. आम्ही मागून कान टवकारून बसलो. खंबाटकीची वळणं सुरू झाली तसे बलराजजी पांढरे पडले. नादिराबाईंनी पर्समधून ॲव्होमिनची गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि म्हणाल्या, "समोर बघा, खाली बघू नका." पुढे सुरूर फाट्यापर्यंत दोघं गुडघ्यांविषयी आणि त्यांना चोळायच्या तेलाविषयी बोलत होते. मतं कितीही कडक असोत, समोरच्याला 'तुम्हाला सिनेमातलं काही कळत नाही' असं तोंडावर सांगता येत नाही, त्याची गोळी आपल्या पोटात असताना तर नाहीच नाही.

मेणवलीचा घाट पाहिला आणि सगळे एकदम गप्प झाले. आमच्यात हे क्वचित घडतं. कृष्णेच्या वळणावर उतरत गेलेल्या काळ्या दगडी पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, वर नाना फडणवीसांचा वाडा. ज्या दफ्तराशिवाय पेशवाईचा अभ्यास पुढे सरकत नाही, ते मेणवली दफ्तर इथलंच. देवळाजवळची मोठी घंटा मुळात पोर्तुगीज चर्चची. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर ती इथे आली असं सांगतात. एवढा ऐवज समोर असताना आम्ही शोधत काय होतो, तर शाहरुख कुठे उभा होता ते.

ते सांगायला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा आपणहून हजर झाला. "हितं शारुक बसलावता. त्या तितं अजय देवगन. तितनं पल्याड सलमान." त्याच्या हिशेबात एकही पायरी रिकामी नव्हती.

मग बलराजजींनी घाटावर उभं राहून 'स्वदेस'मधला तो प्रसंग सांगायला घेतला. गावात पडदा लावून 'यादों की बारात' दाखवतात, पडद्याच्या एका बाजूला गावातली प्रतिष्ठित मंडळी, दुसऱ्या बाजूला खालच्या मानलेल्या जातींची माणसं, त्यांना चित्र उलटं दिसतं. वीज जाते, शाहरुखचा मोहन ताऱ्यांचं गाणं सुरू करतो आणि पडदा खाली येतो. कोण कुठे बसलं होतं, कॅमेरा कुठून कुठे जातो, सगळं तोंडपाठ. नावडता चित्रपट इतका पाठ असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नादिराबाई फक्त हसल्या. त्यांनी पोराला विचारलं, "बाळा, तू पाहिलास का रे 'स्वदेस'?"

"न्हाय. लई मोटा हाय म्हनत्यात."

बलराजजींनी त्याला खिशातल्या दोन्ही वड्या देऊन टाकल्या.

दुपारी वाईत पिठलं-भाकरी खाताना सिनेमाचा विषयच निघाला नाही. कुणाची सून, कुणाची शुगर, ललिता पवारची राहिलेली केटी. ढोल्या गणपतीला हात जोडून आम्ही परतीला लागलो. दुसऱ्या दिवशी ग्रुपावर पुन्हा 'स्वदेस' पेटलं, फक्त बलराजजींच्या खरमरीत मजकुराखाली एक ओळ जास्तीची होती: 'ते तेल कुठल्या दुकानात मिळतं?'

मला राहून राहून वाटतं ते या परिसराविषयी. 'स्वदेस'मध्ये तो उत्तर प्रदेश झाला, 'गंगाजल'मध्ये बिहार, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये चक्क तमिळनाडू. सातारा जिल्ह्याने हिंदी पडद्याला दिलेला हा सर्वांत कसलेला चरित्र अभिनेता आहे. हिंदी निर्मात्यांना विनंती आहे, एकदा तरी मेणवलीला मेणवलीचीच भूमिका द्या. संवाद लिहायला तो पोरगा आहेच, आणि तो चित्रपट नक्की आटोपशीर करेल.