कारणे दाखवा, आणि दाखवत राहा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना ७ सप्टेंबर १९७० रोजी, म्हणजे केंद्राचा जल कायदा येण्याच्या चार वर्षे आधी झाली. त्यामुळे नद्यांची काळजी कागदावर सर्वप्रथम वाहणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राची गणना करावी लागते, आणि केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या यादीतील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५, म्हणजे देशात सर्वाधिक, याच राज्यात निघाले म्हणून त्या ज्येष्ठतेला बाधा येते असे मानण्याचे कारण नाही.

उद्योगांची वर्गवारी रंगांनी केली जाते. २०१६ च्या पद्धतीनुसार प्रदूषण निर्देशांक ६० किंवा अधिक असल्यास उद्योग लाल, ४१ ते ५९ असल्यास नारिंगी, २१ ते ४० असल्यास हिरवा आणि त्याखाली पांढरा ठरत असे. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मोठीच शास्त्रीय अडचण उभी राहिली असणार. कारण हिरवा हा तर कमी प्रदूषणाचा रंग, आणि गुलाबी वर्गवारीतच नाही.

कारखाना उभारण्यापूर्वी एक आणि चालवण्यापूर्वी दुसरे, अशी दोन संमतिपत्रे लागतात. जल कायद्याच्या कलम २५ नुसार अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने होकार किंवा नकार कळवला नाही, तर संमती बिनशर्त मिळाली असे मानले जाते. मौन हीच संमती, ही समजूत पूर्वी पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीपुरती होती. संसदेने ती रासायनिक कारखान्यांनाही लागू केली.

तथापि कायद्याचे खरे सौंदर्य नमुना घेण्याच्या विधीत आहे. कलम २१ सांगते की, सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकायचा असेल, तर तो तपासणीस पाठवण्याचा इरादा अधिकाऱ्याने कारखानदाराला तेथल्या तेथे नोटिशीने कळवावा, त्याच्या देखत नमुन्याचे दोन भाग करावेत, ते बाटल्यांत भरून मोहोरबंद करावेत आणि त्यांवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. अधिकारी फाटकावरच्या वहीत नाव आणि वेळ लिहून आत शिरतो, तोवर प्रक्रिया केंद्रातील पंखे फिरू लागलेले असतात, आणि बाटलीत उतरणारे पाणी कित्येकदा इतके नितळ असते की ते नदीत सोडणे म्हणजे उधळपट्टी वाटावी. पुढे प्रयोगशाळेत बीओडी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मोजला जातो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. २७ अंश तापमानाला या चाचणीस तीन दिवस लागतात, आणि नाल्याला तितका धीर नसतो. उलटपक्षी, पहाटे मेलेल्या माशांचा खच पाहून खाडीकाठच्या मच्छीमाराने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तांबूस पाणी भरले आणि एसटीने ते कार्यालयात आणून टेबलावर ठेवले, तर तो पुरावा ठरत नाही. वास सगळ्या मजल्यावर पसरला तरी बाटलीवर मोहोर नसते आणि कारखानदाराची सही तर नसतेच.

दोष सिद्ध झालाच, तर पत्रव्यवहाराचा सिलसिला सुरू होतो. प्रथम कारणे दाखवा नोटीस निघते. मग प्रस्तावित निर्देश, म्हणजे असा आदेश काढण्याचा विचार आहे हे कळवणारा आदेश. मग आक्षेपांसाठी मुदत, जी केंद्राच्या नियमांत किमान पंधरा दिवसांची आहे. मग बँक हमी, म्हणजे सुधारणा न झाल्यास जप्त करता येईल अशी रक्कम. पर्यावरणाची गंभीर हानी होण्याचा संभव असल्यास मुदत न देताही आदेश काढता येतो, पण हानी गंभीर आहे की नाही हे ठरवायलाही एक टिपण लागते. शेवटचे शस्त्र कलम ३३अ चे, वीज आणि पाणी तोडण्याचे. एकेकाळी पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचीही तरतूद होती. १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला, त्यामुळे कारखान्याच्या अंदाजपत्रकात पर्यावरणाला अखेर स्वतःचा रकाना मिळाला.

वीज-पाणी तोडण्याचे हे शस्त्र महापालिकेवर मात्र चालत नाही. इंद्रायणीच्या फेसात आणि पंचगंगेच्या काळ्या पाण्यात कारखान्यांबरोबर शहरांच्या मैलापाण्याचाही मोठा वाटा आहे, परंतु आख्ख्या शहराची वीज तोडण्याची हिंमत कोणत्याही मंडळात नसते, आणि शहराला उत्पादन बंद करण्याचा आदेश देणेही अवघड, कारण ज्याचे उत्पादन थांबवायचे ते नागरिक रोज सकाळी नेमाने करतात. म्हणून शासनाचे मंडळ शासनाच्याच अखत्यारीतील पालिकेला नोटीस पाठवते, पालिका निधीसाठी शासनाकडे प्रस्ताव पाठवते आणि मैलापाणी, प्रस्तावाची वाट न पाहता, खालच्या गावाच्या पिण्याचे पाणी उपसणाऱ्या जॅकवेलकडे निघते. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा व सांडपाण्याच्या व्यवस्थापनातील त्रुटींसाठी राज्य शासनावर १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. ही रक्कम शासनाने स्वतःच एका स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि आपल्याच उपाययोजनांवर खर्च करावी, अशी मुभाही त्या आदेशात होती. म्हणजे दंड भरणारा, दंड घेणारा आणि दंडाचा विनियोग करणारा एकच, आणि खातेपुस्तकाच्या दोन्ही बाजूंना लिहायचा पैसा तेवढा जॅकवेलचे पाणी पिणाऱ्याचा.