शेफची टोपी, मावशीची वही

स्पेनच्या बास्क प्रांतातर्फे 2016 पासून एक पुरस्कार दिला जातो. स्वयंपाकातून समाज बदलणाऱ्या शेफला एक लाख युरो! पहिल्या मानकरी व्हेनेझुएलाच्या मारिया फर्नांदा दि जाकोबे. त्यांनी कोकोपासून चॉकलेट करायला शिकवून बायकांना उद्योगाला लावलं. काम खणखणीत, वादच नाही.

आता ही हवा आपल्याकडेही आली आहे. पुण्या-मुंबईत ज्वारीच्या इवल्याशा भाकरीवर दोन कोवळी पानं ठेवून शेतकऱ्याचा उद्धार चालतो. बिल आलं की उद्धार कुणाचा झाला ते कळतं.

अन्नातून खरा उद्धार करणाऱ्या प्रेमाताई पुरव शेफ नव्हत्या. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या व्याजात पिचायच्या. प्रेमाताईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना थेट बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. कर्ज मिळालं. आमटी तीच राहिली, सावकार तेवढा सुटला. 2002 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उंच पांढरी टोपी मात्र कुणी घातली नाही.

गिरण्या गेल्या, कारखाने पुण्याजवळच्या रांजणगावला आले. महागणपतीच्या दर्शनाला आलेली मंडळी हॉटेलात जेवून पुण्याला परततात. एमआयडीसीतली कंत्राटी पोरं जेवतात पत्र्याच्या शेडमधल्या मेसमध्ये. लातूरकडच्याला भाकरी हवी, बिहारच्याला भात. मेस चालवणारी मावशी दोघांनाही एकाच बाकावर बसवते आणि कुणाची जात विचारत नाही, महिन्याचे पैसे विचारते. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘‘मावशी, पगार झाला की देतो. आणि चार खाडे धरा हं, गावाला गेलो होतो.’’ ठेकेदाराने पगार लांबवला की तो फटका मावशीच्या पिठाच्या डब्याला बसतो. किराणावाला खाडे धरत नाही.

म्हणजे कंपनीच्या ठेकेदाराला बिनव्याजी भांडवल पुरवते ती ही बाई. अर्थशास्त्रात याला काहीतरी भारदस्त नाव असेलच. त्या एक लाख युरोंत रांजणगावातल्या किती मेसची उधारी फिटेल, हा हिशेब एखाद्या शेफने जरूर करावा. वही मावशीकडे आहे. फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नये, मेस बंद असते.