कागदावरची होडी

वणीत होडी बांधतोय असं सांगितलं की ऐकणारा आधी आपल्या तोंडाचा वास घेतो. त्याचंही बरोबर आहे. समुद्र शंभर किलोमीटरच्या पलीकडे, मध्ये सह्याद्री आडवा. इथे ट्रॅक्टर आहे, फवारणीचा ब्लोअर आहे, वर गडावर आई सप्तशृंगी बसली आहे. नावाड्यावाचून आजवर कुणाचं अडलेलं नाही.

सुरुवात ओझरखेड धरणाच्या काठावर झाली. तिथे मासे धरणारी माणसं फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकत होती, हातांचीच वल्ही करून. धाकटी म्हणाली, "पप्पा, याला मोटार लावली तर?" मी म्हणालो, ट्यूबला कशाला, होडीच करू की! द्राक्षवाल्या बापाने जुलैत असं बोलू नये. खरड छाटणी कधीच उरकलेली, गोडी छाटणीला अवकाश. 'वेळ नाही' म्हणायची सोयच नव्हती.

रीत तशी सोपी. प्लायवूडचे तुकडे मापात कापायचे, कडांना भोकं पाडून तारेने शिवायचे आणि शिवण रेझिनने बुजवायची. इंग्लंडात १९६३च्या सुमारास 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पाठबळाने 'मिरर' नावाची शिडाची होडी याच रीतीने निघाली, घरच्या घरी बांधता यावी म्हणून. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. म्हणजे तितक्या घरांत कुणीतरी "हे शेडमधून कधी उचलणार?" असं विचारलं असणार. आमच्याकडे ते रोज विचारलं जायचं.

द्राक्षमांडवाची तार आधी लावून पाहिली, ती वळेचना. मग स्लॅबच्या कामातून उरलेली बायंडिंग तार काढली. सहा-सहा इंचांवर भोक, तार ओवायची, पक्कडीने पीळ द्यायचा. आई काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "टाके लांब पडलेत. गोधडी असती तर उसवायला लावली असती." तरी ती तिथेच बसली, तार तोडून देत. तोवर जमिनीवर नुसतं प्लायवूड पसरलेलं होतं. पीळ आवळत गेलो तशा फळ्या एकमेकींकडे झुकल्या, पुढे नाळ वर आली, मागे पोट सुटलं. मुलं गप्प झाली. मीही झालो, पण मला हे अपेक्षितच होतं असा चेहरा ठेवला.

रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवण्याचं काम हिच्याकडे गेलं, कारण मी केलेलं कालवण एकदा धिरड्याच्या पिठासारखं ओघळलं, आणि पुढच्या वेळी मगभर एकदम कालवलं तर मग हातातच तापून धूर सोडायला लागला. "पुरणाइतकं घट्ट हवं, आणि थोडं थोडं करायचं," ती म्हणाली. डब्यावरच्या इंग्रजी सूचनेचाही अर्थ तोच होता.

नानांची शंका वेगळी. "किती माणसं पेलंल?" मी हिशोब मांडला: होडी, मोटार आणि तिघे मिळून सव्वादोनशे किलो, म्हणजे सव्वादोनशे लिटर पाणी बाजूला सारलं की झालं. फवारणीचा एक ड्रम आणि वर दोन कळशा. नऊ फुटी होडी तेवढ्यासाठी चार इंच बुडेल. नाना म्हणाले, "आणि तुझा मेहुणा बसला तर?" मेहुण्यासाठी दीड ड्रम धरला.

मी घरात 'म्हादेई'चं उदाहरण देत होतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ५६ फुटी नौका. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ही म्हणाली, "एकटेच गेले ना? मग तुम्हीही एकटेच जा."

धरणात मोटारबोट घालायची तर सरकारी परवानगी लागते. म्हणून बापूकाकांचं शेततळं: ३० मीटर बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, तळाशी ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. बापूकाकांना आमच्या जिवापेक्षा त्या कागदाची काळजी. "पंखा लागला तर पाणी जाईल, आणि पाण्याबरोबर माझी बाग." नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, पेढे वाटले. ग्रास कटरचं इंजिन, पात्याच्या जागी पंखा बसवलेला. दोरी ओढली, एक फटका, दुसरा, तिसऱ्याला इंजिन किंचाळलं. होडी सुटली. धाकटी "पप्पा, चाल..." एवढं म्हणाली आणि "...ली" म्हणेपर्यंत समोरचा काठ आला. मी इंजिन बंद केलं, नाळ कागदावर अलगद घसरत चढली, आणि बांधावरून बापूकाकांनी देवाचं नाव घेतलं की माझं, ते नीट ऐकू आलं नाही.

दिवसभरात आम्ही तळ्याच्या साठेक फेऱ्या मारल्या. सगळं मिळून अंतर भरलं दोन किलोमीटरांहून कमी. मेहुणा बसला. दीड ड्रमचा अंदाज बरोबर निघाला.

आठवड्याने इंजिन बांधावरचं गवत कापायला परत गेलं. होडी आता वल्ह्यावर चालते आणि बहुतेक वेळा ती बापूकाकांकडेच असते. संध्याकाळी ते तिच्यात बसून तळ्यातलं शेवाळ काढतात आणि विचारलं तर 'काम करतोय' म्हणतात. तुम्हाला यायचं असेल तर या. फक्त पोहता येत असलं तरी ट्यूब आणि दोर घेऊनच या. ओल्या कागदावर पाय ठरत नाही.